कोटेशनवरची तिसरी ओळ

दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन 'गेमिंग पीसी बनवायचाय' म्हटलं की काउंटरमागचा मुलगा पॅड पुढे ओढतो आणि कोटेशन लिहायला घेतो. पहिल्या ओळीत प्रोसेसर, पूर्ण नावानिशी. दुसरीत मदरबोर्ड, कंपनी आणि मॉडेलसकट. तिसऱ्या ओळीत बहुतेकदा एवढंच: '१६ जीबी, डीडीआर५, आरजीबी'. रॅम कोणत्या कंपनीची, स्टिक एक की दोन, वेग किती, लेटन्सी किती, याचा पत्ता नाही. खाली एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट पुन्हा तपशीलवार येतात. तेच कोटेशन घेऊन तुम्ही शेजारच्या दुकानात गेलात आणि त्याने हजार रुपये कमी केले, तर ते हजार कुठून निघाले हे शोधताना आधी तिसऱ्या ओळीकडे बघावं. हात घालायला मोकळी जागा तिथेच असते.

घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्या मुलांशी, त्यांच्या आईवडिलांशी, दुकानदारांशी बोलत गेलो तसं माझं एक मत पक्कं होत गेलं. रॅमच्या बाबतीत चुका दोन जातींच्या असतात. एक बोंब मारते, दुसरी गप्प बसते. बोंब मारणारी स्वस्तात सुटते, कारण ती त्याच दिवशी कळते. गप्प चूक चार-पाच वर्षं घरात राहते. कॉम्प्युटर सुरू होतो, गेम उघडतो, फक्त जेवढा पळायला हवा तेवढा पळत नाही. मुलाला वाटतं, ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. मग घरचे पुन्हा वीस-पंचवीस हजार काढतात आणि ते नको तिथे घालतात. मध्यमवर्गीय घरात एक गेमिंग पीसी म्हणजे वर्षभराची बचत असते. म्हणून या तिसऱ्या ओळीवर एवढं लिहावंसं वाटलं.

बोंब मारणारी चूक आधी उरकू. ती पिढीची चूक. डीडीआर४ २०१४ मध्ये बाजारात आली. डीडीआर५ चं मानक जेडेक या संस्थेने जुलै २०२० मध्ये जाहीर केलं. दोन्हींना २८८ पिना आहेत, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. कोणती घ्यायची हे आपण ठरवत नाही, प्रोसेसर आणि मदरबोर्ड ठरवतात. एएमडीचा एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेला एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही चालवून घेतात, पण मदरबोर्ड मात्र एकीचाच असतो, आणि इथे फसगत होते. एकाच नावाचे दोन बोर्ड असतात, एकाच्या शेवटी 'डी४' असतं, दुसऱ्याच्या शेवटी काहीच नसतं. ऑक्टोबर २०२४ मधल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेपासून इंटेलनेही डीडीआर४ सोडली. चुकीची स्टिक आणलीत तर ती बसणार नाही, तुम्ही चरफडत पुन्हा मेट्रो पकडाल आणि बदलून आणाल. नुकसान एका दुपारचं.

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना तापकीर गल्ली जशी माहीत असते, तसं दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद आणि गाझियाबादकरांना नेहरू प्लेस. दिल्ली विकास प्राधिकरणाने सत्तरच्या दशकात उभारलेलं हे व्यापारी संकुल: उंच इमारती, मध्ये फरसबंद चौक, चौकात पेन ड्राइव्ह आणि मोबाइलची कव्हरं विकणारे, आणि त्याच संकुलात कापडाची मोठी दुकानं. कॉम्प्युटरचे सुटे भाग आणि पडद्याचं कापड एकाच फेरीत घेऊन जाणारी कुटुंबं इथे दिसतात. ऑक्टोबर २०१० मध्ये मेट्रोची व्हायोलेट लाइन इथवर आली. डिसेंबर २०१७ पासून नोएडाच्या बोटॅनिकल गार्डनहून मॅजेंटा लाइनने कालकाजी मंदिर आणि तिथून पुढचंच स्टेशन, इतकं ते सोपं झालं. रविवारी मात्र दुकानं बंद. नोकरदार आईवडिलांना शनिवारी जावं लागतं, आणि शनिवारच्या गर्दीत कुणाला धीराने प्रश्न विचारायला उसंत मिळत नाही. स्टेशनातून बाहेर पडताच 'लॅपटॉप? कॉम्प्युटर? क्या चाहिए सर?' म्हणत मागे लागणाऱ्यांना टाळून आधी ठरवलेल्या दुकानात जाणं हीच पहिली शहाणपणाची गोष्ट.

आता गप्प बसणाऱ्या चुका. त्यातली सगळ्यात पसरलेली चूक मला भाच्याच्या यादीत सापडली. तो नोएडात बारावीला आहे. सगळं त्यानेच वाचून काढलं होतं. म्हणाला, "मामा, सोळाची एकच स्टिक घेऊ. पुढच्या वर्षी दुसरी सोळाची टाकू, म्हणजे बत्तीस होतील." ऐकायला हिशोब बरोबर आहे. दुकानदारही हेच सुचवतात, आणि त्यांचा हेतू वाईट असतो असं मला वाटत नाही, कारण गिऱ्हाईकाचं बजेट त्यांनाही सांभाळायचं असतं. पण प्रोसेसर रॅमशी दोन वाटांनी बोलतो. एक स्टिक लावली की एक वाट रिकामी राहते. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन लावल्या की ५१.२. त्याच पैशात आठ-आठच्या दोन घेतल्या असत्या तर वेग दुप्पट मिळाला असता. गेममध्ये फ्रेम दुप्पट होत नाहीत, हेही खरं. पण गर्दीच्या दृश्यात चित्र अडखळतं, ते अडखळणं पुष्कळदा या रिकाम्या वाटेपायी असतं.

यावर नेहरू प्लेसमध्ये एक ठरलेलं उत्तर मिळतं: डीडीआर५ ची एक स्टिकच ड्युअल चॅनल असते. हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त धोक्याचं. डीडीआर५ च्या एका स्टिकमध्ये ३२-३२ बिटांचे दोन उपचॅनल असतात, हे बरोबर. पण त्यांची बेरीज ६४ बिटच होते, डीडीआर४ च्या एका स्टिकइतकीच. पूर्ण १२८ बिटांची रुंदी हवी तर स्टिक दोनच लागतात. तसंच 'हिच्यात ईसीसी आहे' असं सांगून चढा भाव लावणारेही आहेत. प्रत्येक डीडीआर५ चिपमध्ये स्वतःपुरती चूक दुरुस्त करण्याची सोय असतेच. सर्व्हरमध्ये असते ती खरी ईसीसी वेगळी, आणि घरच्या गेमिंगला तिची गरज नाही.

भाच्याच्या बेतातला दुसरा भाग, 'पुढच्या वर्षी दुसरी टाकू', हाही तपासून घ्यावा लागतो. वर्षभराने त्याच नावाची, त्याच वेगाची स्टिक मिळाली तरी आतल्या चिप वेगळ्या कंपनीच्या असू शकतात. बाहेरचं खोकं बदलत नाही, आतला माल बदलतो. अशा दोन अनोळखी स्टिक कधी सुखाने नांदतात, कधी पूर्ण वेगाला हटून बसतात. कंपन्या जोड एकत्र तपासून एका खोक्यात विकतात, ते यासाठीच. आणि चारही स्लॉट भरायचे मनसुबे एएम५ वर तर नकोतच. एएमडीने रायझन ९००० मालिकेला दोन स्टिकसाठी ५६०० चा अधिकृत वेग दिला आहे, चार लावल्या की तोच आकडा ३६०० वर येतो. आरजीबी दिव्यांची रांग पूर्ण दिसावी म्हणून चार स्टिक लावणारी मुलं पैसे देऊन वेग कमी करून घेतात.

वेगाच्या आकड्याकडे वळू, कारण तिसऱ्या ओळीत काही लिहिलंच तर हाच आकडा असतो. ६००० म्हणजे सेकंदाला इतक्या दशलक्ष देवाणघेवाणी. पण रॅमला दोन गुण असतात आणि आकडा एकाचाच सांगतो. नोएडाहून डीएनडीने दिल्लीत येणाऱ्याला हे लगेच कळेल: रस्त्याला आठ लेन आहेत ही एक गोष्ट, आणि आश्रम चौकात किती वेळ थांबावं लागतं ही दुसरी. लेन म्हणजे वेग, थांबणं म्हणजे लेटन्सी, आणि गेमला या थांबण्याचा फार त्रास होतो. खोक्यावर ती 'सीएल' म्हणून छापलेली असते. हिशोब सोपा आहे: सीएलला दोन हजाराने गुणा, वेगाच्या आकड्याने भागा, उत्तर नॅनोसेकंदात मिळतं. डीडीआर४ ३२०० सीएल१६ चे १० नॅनोसेकंद. डीडीआर५ ६००० सीएल३० चेही १०. पण डीडीआर५ ५६०० सीएल४६ घेतलीत तर १६ च्या वर. नवी पिढी, मोठा आकडा, आणि थांबणं जुन्या डीडीआर४ पेक्षा जास्त. ५६०० सीएल४६ आणि ६००० सीएल३० या दोन्ही 'डीडीआर५' एवढ्याच शब्दात कोटेशनवर मावतात. हजार रुपयांचा फरक इथून निघतो.

मग किती घ्यावी? एएम५ वर ६००० आणि सीएल३० हा जोड सध्याचा शहाणा मुक्काम. तिथे रॅम आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर एकाच तालात, ३००० मेगाहर्ट्झवर चालतात. खूप वरच्या आकड्याला गेलं की कंट्रोलर निम्म्या चालीवर उतरतो आणि जादा पैसे वाहून जातात. एएम४ वर ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८ घ्या, दोन्हींची लेटन्सी सारखी १० नॅनोसेकंद, भाव कमी ती उचला. इंटेलचे नवे प्रोसेसर आणखी वरचे वेग पेलतात, पण त्यासाठी बोर्डही तसा लागतो. मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर तपासलेल्या रॅमची यादी असते, तिच्यात आपली स्टिक आहे का हे पाहायला दहा मिनिटं पुरतात.

ज्यांच्याकडे एएमडीचा एक्सथ्रीडी प्रोसेसर आहे त्यांनी या आकड्यांची फार चिंता करू नये. ७८००एक्सथ्रीडी किंवा ९८००एक्सथ्रीडीच्या पोटात ९६ एमबीची एल३ कॅश असते. गेमला वारंवार लागणारी माहिती तिथेच सापडते, रॅमपर्यंत जावं लागत नाही. नेमकं उलट टोक म्हणजे ग्राफिक्स कार्ड न घेता रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी वर काम भागवणारी मुलं. पंचवीस-तीस हजारांत सुरुवात करणारी अशी मुलं पुष्कळ आहेत, आणि सगळ्यात जास्त फसतात तीच. तिथे ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. दोन स्टिक आणि चांगला वेग नसेल तर तो प्रोसेसर घेऊन उपयोग काय? आणि नेमकं याच बजेटला 'एकच आठची टाका, बाकी नंतर बघू' हा सल्ला मिळतो.

जीबी किती, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. त्याचं उत्तर खेळावर आहे. व्हॅलोरंट अधिकृतपणे ४ जीबीवर चालतो, काउंटर-स्ट्राइक २ ला ८ लागतात. सायबरपंक २०७७ किमान १२ मागतो आणि १६ सुचवतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ किमान १६ आणि शिफारस ३२ ची करतो. त्यात विंडोज, ब्राउझर आणि मित्रांशी बोलायला डिस्कॉर्ड धरा. म्हणून आज १६ ही तळरेषा आणि ३२ आराम. ६४ फक्त गेमसाठी घेऊ नका. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, तिथे ते पडद्यावर दिसतात. आणि ग्राफिक्स कार्डावरची मेमरी वेगळी, ती रॅममध्ये मोजायची नसते. '१६ जीबीचा पीसी' असं विचारणाऱ्याला नक्की कशातले सोळा हवेत हे एकदा स्पष्ट करून घ्यावं.

गप्प चुकांची राणी अजून बाकी आहे. ६००० ची चांगली जोडी आणली, व्यवस्थित बसवली, आणि तरी ती ४८०० वर चालते आहे. कारण खोक्यावरचा वेग आपोआप लागू होत नाही. बायोसमध्ये जाऊन इंटेलवर एक्सएमपी किंवा एएमडीवर एक्स्पो चालू करावं लागतं. ते न करता वर्षानुवर्षं वापरलेले पीसी या शहरात किती असतील, विचार करवत नाही. आधी चालू केलेलंही बायोस अपडेट केल्यावर किंवा बोर्डावरचा सेल काढल्यावर पुसलं जातं, आणि कुठलीही सूचना येत नाही. टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा वेग बघणं हा त्यावरचा साधा इलाज. सीपीयू-झेडमध्ये पाहिलं तर आकडा निम्मा दिसतो, ६००० च्या जागी ३०००. घाबरू नका, ते घड्याळाचे ठोके आहेत, प्रत्येक ठोक्याला दोन देवाणघेवाणी होतात. डीडीआरमधला पहिला 'डी' त्याचाच. स्टिक लावायच्या त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी लावल्या तर बऱ्याच बोर्डांवर एकच वाट चालू राहते. आणि एएम५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळाच राहतो, तेव्हा तो रॅमशी जुळवून घेत असतो. मध्येच बटण दाबून बंद करू नये.

दिल्लीचा उन्हाळाही या यादीत येतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर अशी रचना सुचवली, १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, आणि आजची रॅम त्याच कल्पनेवर उभी आहे. त्या कपॅसिटरमधला भार गळत राहतो, म्हणून तो सतत पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते, ८५ अंशांपलीकडे रॅमला दुप्पट वेळा भरणी करावी लागते, त्या वेळात ती गेमला उत्तर देत नाही. डीडीआर५ मध्ये विजेचं नियमन करणारी चिपही स्टिकवरच बसवलेली असते, तिची उष्णता वेगळी. मे-जूनमध्ये बाहेर ४५ अंशांच्या आसपास, खोलीत कूलर, कॅबिनेटला पुढून बंद काच आणि जाळीत राजस्थानची धूळ: अशा पीसीत चढ्या वेगावर लावलेली रॅम फेब्रुवारीत ठीक चालून जूनमध्ये गेम मध्येच बंद पाडू शकते. पुढून हवा येऊ देणारं, जाळीचं कॅबिनेट इथे दिव्यांपेक्षा मोलाचं. उंच फिन असलेली दिवेवाली स्टिक मोठ्या एअर कूलरखाली बसत नाही, हेही आधी मोजून घ्यावं.

हे सगळे नियम स्वस्ताईच्या काळात तयार झाले होते. २०२५ च्या मध्यात दहा हजारांच्या आतबाहेर मिळणारा ३२ जीबी डीडीआर५ चा जोड वर्ष संपता संपता तिपटीच्या पुढे गेला. जगातली जवळजवळ सगळी डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हातात आहे, आणि तिघांनाही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मिळणारा भाव घरगुती गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी मोठा आहे. तिथे लागणारी एचबीएम ही थरांची मेमरी तितक्याच बिटांसाठी डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर, म्हणजे चिप ज्यांतून कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, खाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी करार जाहीर केले, त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतचा आकडा होता. डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशियल हे आपलं घरगुती गिऱ्हाइकांसाठीचं नाव बंद करत असल्याचं सांगितलं. साधी, दिवे नसलेली, विश्वासाची रॅम म्हणून जोडणारे डोळे मिटून जे नाव घ्यायचे, तेच गेलं. मला या बातमीचं वाईट वाटलं, आणि नेहरू प्लेसमधल्या दुकानदारांनाही वाटलं.

आपल्याकडे गुजरातमधल्या साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प २०२३ मध्ये जाहीर झाला, पण त्याचं काम चिप जोडण्याचं आणि तपासण्याचं. वेफर बाहेरूनच येणार. नोएडाजवळ जेवरला एचसीएल आणि फॉक्सकॉनच्या प्रकल्पाला मे २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, तिथे डिस्प्ले चालवणाऱ्या चिप होणार आहेत, मेमरी नाही. त्यामुळे जवळच कारखाना आला म्हणून रॅम स्वस्त होईल अशी आशा धरून खरेदी लांबवू नये.

महागाईत माझा सल्ला बदलतो. ज्यांच्याकडे डीडीआर४ च्या दोन चांगल्या स्टिक आहेत, त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. एएम४ च्या जुन्या बोर्डवर रायझन ७ ५७००एक्ससारखा प्रोसेसर बसवून, बायोस अपडेट करून, रॅम तीच ठेवून पुढची दोन-तीन वर्षं सुखाने निघतात. वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डाला जातो. नव्याने जोडणाऱ्याने ३२ साठी ताणून सीएल४६ ची स्टिक घेण्यापेक्षा आठ-आठची नीट जोडी घ्यावी. अगदीच एक स्टिक परवडत असेल तर घ्या, फक्त दुसरी स्टिक घेताना गरज पडली तर पहिली विकून नवी जोडी घ्यावी लागेल, हा हिशोब आजच मनात धरा. वापरलेली डीडीआर४ घ्यायलाही हरकत नाही, पण विकणाऱ्याच्या समोर चालवून बघा.

चढ्या भावात बनावट मालही येतो: जुन्या चिपवर नवी पत्र्याची चकचकीत पाठ. सीपीयू-झेडच्या एसपीडी पानावर कंपनी, पार्ट नंबर आणि वेग दिसतो, तो खोक्यावरच्या स्टिकरशी जुळवा. 'बिना बिल लोगे तो कम हो जाएगा' असं कुणी म्हटलं तर १८ टक्के जीएसटी वाचतो खरा, पण रॅमची वॉरंटी बऱ्याच कंपन्या दहा वर्षं किंवा आयुष्यभर देतात आणि ती मागताना पक्कं बिल आणि सिरियल नंबर लागतो. दहा वर्षांच्या हक्कावर आज पाणी सोडायचं का, ते तुम्ही ठरवा. बिलावर पूर्ण पार्ट नंबर लिहून घ्या, 'डीडीआर५ १६ जीबी' एवढंच लिहू देऊ नका. घरी आल्यावर पीसी जोडला, एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलं की रात्री मेमटेस्ट८६ लावून झोपा. पेन ड्राइव्हवरून चालणारा हा प्रोग्राम रॅमचा प्रत्येक कोपरा लिहून-वाचून बघतो. सकाळी एकही चूक दिसली तर स्टिक, खोकं आणि बिल घेऊन लगेच दुकानात जा. बदलून देण्याची मुदत किती दिवसांची, हे खरेदीच्या वेळीच विचारून बिलावर लिहून घेतलेलं असलं म्हणजे झालं.